गाऱ्यात ऑटोमॅटिकच बरी, मी तर हेच म्हणणार

आमच्या इकडे कोणी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर जाणारी गाडी घेतो म्हटलं की पानठेल्यावर उत्तर ठरलेलं असते, "घे, पण गियरवालीच घे बाप्पा, ऑटोमॅटिक शहरातल्या लोकायसाठी असते." मी स्वतः गियरवरच शिकलो, आधी ट्रॅक्टर मग जीप, आणि गियरच्या गाडीचं प्रेम काही कमी झालेलं नाही. पण काळ्या मातीतली पावसाळ्यातली पांदण, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट, गाऱ्यानं, म्हणजे चिखलानं भरली असेल तर माझं मत आता पक्कं आहे, तिथे ऑटोमॅटिक भारी पडते. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

मुळात आपली माती समजून घ्या. काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि इतकी चिकट होते की टायरच्या नक्षीत भरली की नक्षी उरतच नाही, नुसता गुळगुळीत गोळा फिरत राहतो. डांबरीवर क्लच दाबला तरी गाडी आपल्या वेगानं पुढे जात राहते, गाऱ्यात तसं होत नाही, इंजिन ओढते तोवरच गाडी चालते आणि क्लच दाबला की जागेवर बसते. म्हणजे गियर बदलायला जो अर्धा क्षण लागतो ना, तिथेच घात होतो. मग परत निघायला हाफ क्लच, वरून रेस, चाक जागेवर फिरून खड्डा करते आणि बघता बघता डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधातला गियरचा गोळा, मातीला टेकते. जुने लोक बंडी गाऱ्यातून काढताना बैलांना मधात थांबू देत नाहीत, हळू चालतील पण थांबायचे नाहीत, तसंच आहे हे.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमधे हा तुटकपणा नसतो. इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधात तेल असते, एक पंखा ते तेल फेकतो, दुसरा त्या तेलाच्या जोरावर फिरतो, आणि गाडी जागेवरून निघते तेव्हा हा जुगाड इंजिनचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, वाढवून पुढे देतो. निघताना जे काही घसरणं व्हायचं ते तेलात होते, ती उष्णता कूलरमधून निघून जाते. गियरच्या गाडीत तेच घसरणं क्लचप्लेटवर होते, आणि प्लेट जळते.

हे मागच्या पावसाळ्यात डोळ्यानं पाहिलं. आमच्या वावराच्या खालच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, नाल्याचं पाणी ओसरलं होतं, पण उताराला घोट्याच्या वर गारा होता. पाहुणे आले होते, नवी कोरी मॅन्युअल, म्हणजे गियरवाली गाडी, पोरगा चालवायला हुशार, पण उतारावर थांबला आणि परत काढायला गेला. आधी वास आला, तो जळका आंबूस वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही, मग बॉनेटखालून निळसर धूर. काका धुऱ्यावरून ओरडले, "अरे पाय उचल ना क्लचवरचा, काऊन जाळतं?" पण पाय उचलला की गाडी बंद पडे आणि ठेवला की जळे, पोरगा करणार काय. शेवटी ट्रॅक्टरनं ओढली.

आता जाणकार म्हणतील, लो रेंज टाकायची, म्हणजे गाडी हळू पण जास्त जोरानं ओढणारे फोर बाय फोरचे जादा गियर लावायचे, दुसऱ्या गियरमधे सोडायची आणि क्लचला हातच, म्हणजे पायच लावायचा नाही. बरोबर आहे, शंभर टक्के. ज्याला हे जमते त्याला मॅन्युअल कुठेच कमी पडत नाही. पण समोर म्हशी आडव्या आल्या, बंडी आली, मधात थांबावं लागलं की परत तोच प्रश्न.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, एएमटी म्हणजे ही ऑटोमॅटिक नाही. त्यात साधा क्लचच असतो, फक्त दाबायला मशीन ठेवलेली असते, गाऱ्यात तो पण जळतो. आणि महिंद्राची थार म्हटलं की फोर बाय फोर असं पण धरू नका. २०२० च्या थारमधे ६ गियरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक लो रेंजसकट मिळायला लागली, हे खरंच मोठं काम झालं, पण २०२३ पासून टू व्हील ड्राइव्हवाली, म्हणजे दोनच चाकांना जोर जाणारी पण येते, तिला लो रेंज नाही. दिसायला डिट्टो तीच, सेकंडहँड घेताना लोक फसतात. मारुतीच्या जिमनीची ऑटोमॅटिक ४ गियरचीच आहे, हायवेला जुनाट वाटते, पण पांदणीत ४ गियर खूप झाले. टोयोटाच्या हायलक्स पिकअपमधे तर कंपनीच मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क देते, मग ऑटोमॅटिकमधे दम नसतो हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? जीव अडकतो तो फोर्सच्या गुरखामधे, पुढं मागं दोन्हीकडे डिफ लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर जातो, आणि गियरबॉक्स फक्त मॅन्युअल. ती ऑटोमॅटिकमधे आली तर मी दुसरी गाडी पाहणार नाही.

मॅन्युअल कुठे बरी? मेळघाटात. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना दुसऱ्या गियरमधे गाडी जशी धरून ठेवते तशी ऑटोमॅटिक नुसत्या डी मधे धरत नाही, तिला हातानं खालच्या गियरमधे टाकावं लागते आणि बरेच जण टाकतच नाहीत, ब्रेक तापवत उतरतात. बॅटरी बसली तर मॅन्युअल चार जणांच्या धक्क्यानं चालू होते, ऑटोमॅटिक नाही होत. आणि क्लचप्लेट तालुक्याचा मिस्त्री बदलून देतो, ऑटोमॅटिकचा गियरबॉक्स उघडायला नागपूर नाही तर अमरावती गाठा. म्हणून कापसाची, संत्र्याची खेप मारणारी पिकअप असेल तर मी पण मॅन्युअलच सांगतो, ती रोज उभी राहिली तर घर चालत नाही.

घरच्या गाडीसाठी विचारत असाल तर शोरूमवाल्याच्या डांबरीवरच्या चकरेवर जाऊ नका. ओळखीत कोणाकडे असेल ती गाडी ऑगस्टमधे मागा, लो रेंज टाकून गाऱ्यात मधातच थांबवा, आणि तिथून काढून पाहा.