तीन मिनिटं आणि चार ओळी

अमेरिकेत येऊन नऊ वर्षं झाली, तरी शिक्षकांपुढे माझा आवाज अजून बारीक होतो. 'बाई म्हणतील ते बरोबर' हे लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे दुसरीत लेकीचं वाचन अडायला लागलं तेव्हा चार महिने मी शाळेच्या गेटपाशी नुसतं विचारत राहिले. "जरा वाट बघू या," बाई गोड हसून सांगायच्या. मीही हसायचे.

मग एक दिवस डोकं फिरलं आणि थेट शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सभेत गेले. तिथे बोलायला तीन मिनिटं मिळतात. दुसऱ्याच मिनिटाला मला रडू फुटलं, बेल वाजली, अध्यक्षबाईंनी आभार मानून पुढचं नाव पुकारलं. कुणी चकार शब्द काढला नाही. अपमानच वाटला मला. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर आमच्याकडे बोर्डाला चर्चाच करता येत नाही, हे नंतर कळलं. बाहेर पडताना एका अनोळखी आईने विचारलं, "लेखी दिलंयस का?"

कुठलं देतेय!

त्याच रात्री प्रिन्सिपल आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्याच बोर्डाच्या हाताखालच्या) स्पेशल एज्युकेशन, म्हणजे शिकताना खास मदत लागणाऱ्या मुलांच्या, विभागाला ईमेल टाकला. चार ओळींचा: काय दिसतंय, कधीपासून, आणि तिचं मूल्यमापन करा. (आधी तीन पानं लिहिली होती. नवऱ्याने कात्री लावली, बरं केलं.) अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा एक कायदा आहे, आता त्याला 'आयडिया' म्हणतात. त्यामुळे शाळेपुढे दोनच वाटा उरतात: संमतीचा फॉर्म पाठवा, नाहीतर नकार कारणांसकट लेखी द्या. फॉर्म आला. सही केली की मूल्यमापनाला ६० दिवस. काही राज्यांची मुदत वेगळी आहे. म्हणजे गेटपाशी घालवलेल्या चार महिन्यांत घड्याळ सुरूच झालं नव्हतं!

सोबत 'फेर्पा' कायद्याखाली (मुलांच्या शाळेतल्या नोंदी पालकांना बघू देणारा कायदा) तिची फाईलही मागितली. ती ४५ दिवसांच्या आत दाखवावीच लागते. सप्टेंबरच्या वाचनचाचणीतच तिच्या नावापुढे मागे पडत असल्याची खूण होती. बराच वेळ मी त्या कागदाकडे बघत बसले.

अहवाल आल्यावर मीटिंग झाली. मी तो कागद घेऊन गेले, रडले नाही. घरी येऊन सगळ्यांना लिहिलं, "आज ठरलं ते असं. काही चुकलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा." कुणी काही कळवलं नाही. सोमवारपासून तिचा वाचनाचा वेगळा तास सुरू झाला.

बाई अजूनही गेटपाशी भेटतात, गोड हसतात. मीही हसते, आणि घरी येऊन तारीख टाकून लिहून ठेवते.