त्या पैशात किल्ला येतो म्हणे!

मागच्या आठवड्यात दिराने फॅमिली ग्रुपवर एक लिंक टाकली. आयर्लंडच्या पश्चिमेला एक जुना दगडी किल्ला विकायला आहे, किंमत साधारण साडेतीन लाख युरो, आणि खाली, "वहिनी, डब्लिनमध्ये घर परवडत नाही म्हणता ना, त्या पैशात किल्ला येतो की!" त्यावर काकांचा अंगठा, आत्याचं "जय शिवराय", आणि सासूबाईंनी तर थेट फोनच केला, तिथे पाण्याची सोय आहे का म्हणून.

आता घरांच्या जाहिराती या विषयात मला कोणी शिकवायचं नाही. जेवणं आटोपली, उद्याचे डबे भरून झाले की लोक सिरियल बघतात, मी डाफ्ट डॉट आयई बघते. कुठल्या गल्लीतलं घर कधी लागलं, किंमत कधी पाडली, कुठल्या घराचे फोटो जुलैमधले आहेत (बागेत हिरवळ) आणि जाहिरात डिसेंबरमधली, सगळं मला पाठ. नवरा याला व्यसन म्हणतो. मी अभ्यास म्हणते.

तर आधी किल्ला उरकते. रायगड, प्रतापगड डोळ्यासमोर आणू नका. याला इथे टॉवर हाउस म्हणतात. पंधराव्या-सोळाव्या शतकात बड्या घराण्यांनी बांधलेले हे चार-पाच मजली दगडी मनोरे, क्लेअर, गॉलवे, लिमरिक, टिपररीकडे शेताशेतातून उभे आहेत, बरेचसे पडके. एका मजल्यावर एकच मोठी खोली. वर जायला भिंतीच्या पोटातून गोल जिना, त्याची पायरी एका बाजूला वीतभर आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं, म्हणजे धुण्याची बादली घेऊन चढायचं तर आधी विमा काढा. दिराने पाठवलेल्या जाहिरातीत दाराच्या वरच्या छताला एक भोक आहे, वरून शत्रूवर दगड टाकायला. त्याचा वेगळा फोटो आहे. संडास म्हणजे भिंतीत कोनाडा आणि खाली थेट मोकळी हवा, त्याचाही फोटो आहे. स्वयंपाकघराचा फोटो नाही, कारण स्वयंपाकघर नाही.

आणि विकत घेतला तरी तो तुमचा म्हणजे किती तुमचा? अशी बहुतेक बांधकामं संरक्षित यादीत असतात. नोंदलेल्या स्मारकाला हात लावायचा तर सरकारला दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं, खिडकीची चौकटसुद्धा मनाला येईल तशी बसवायची नाही. इथे घर विकताना बीईआर नावाचा दाखला लागतो, घर गरम ठेवायला किती ऊर्जा लागते त्याचा, ए-वन ते जी. संरक्षित इमारतींना त्यातून सूट. म्हणजे जे घर तापवायला सगळ्यात जास्त खर्च, त्याच्याच जाहिरातीत तो रकाना कोरा! ऐतिहासिक घराच्या दुरुस्तीवर कर-सवलत आहे म्हणा, पण त्यासाठी वर्षातले साठ दिवस घर लोकांना बघायला उघडं ठेवायचं. दिराला कळवलंय, आधीच आपल्याकडे पाहुणे कमी येतात का. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

पण खरी गोष्ट किल्ल्याची नाहीच. इतके दिवस हे बघून माझं ठाम मत झालंय की या देशात विचित्र घरं महाग नाहीत. किल्ला, बंद पडलेलं चर्च, जुनी शाळा, ओस पडलेला पब, गावाकडे हे सगळं तुलनेने स्वस्तात मिळतं. महाग आहे ते साधं घर. अगदी साधं, ज्यात माणूस सकाळी उठून ऑफिसला जाऊ शकतो असं.

त्याच रात्री मी डब्लिन ७ मधल्या एका कॉटेजची जाहिरात बघितली. एक मजली, एक बेडरूम, ३६ चौरस मीटर, म्हणजे तीनशे नव्वद स्क्वेअर फूटही नाही. किंमत पावणेचार लाख. किल्ल्यापेक्षा जास्त! फोटो बघा हां. पहिला बाहेरून, लाल दार, पितळी कडी, दाराशी कुंडी, फार गोड. दुसऱ्यात दार उघडल्या उघडल्या सोफा, म्हणजे रस्त्यावरून सरळ सोफ्यावर. सोफ्याला चिकटून ओटा, दोन शेगड्या, त्यावर पिशव्या ठेवायचं एक फळकूट. वॉशिंग मशीन ओट्याखाली, फ्रिज कुठे ते मला चार फोटो बघून शोधावं लागलं, तो बेडरूमच्या दारामागे आहे. मागे अंगण, त्यात एक लोखंडी खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवली तर दार उघडणार नाही. फोटो इतक्या रुंद लेन्सने काढलेत की खोलीचा कोपरा क्रिकेटच्या मैदानासारखा लांब दिसतो, पण सिंगल बेड डबल बेडइतका दिसायला लागला की ओळखायचं.

ही कॉटेजेस कोणासाठी बांधली होती माहितीये? कामगारांसाठी. १८७६ मध्ये डब्लिन आर्टिझन्स ड्वेलिंग्ज कंपनी निघाली, तिने स्टोनीबॅटर वगैरे भागात अशा रांगाच्या रांगा उठवल्या. आपल्या बीडीडी चाळी बऱ्याच नंतरच्या, पण हेतू तोच, गिरणी-गोदीच्या माणसाला डोक्यावर छप्पर. आज वरळीच्या बीडीडीतल्या माणसाला पुनर्विकासात पाचशे स्क्वेअर फुटांचा फ्लॅट मिळतोय, आणि डब्लिनमध्ये आयटीतली जोडपी तीनशे नव्वद फुटांसाठी भांडतायत. हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगू का, मला जरा बरं वाटलं. नेहमी आपल्यालाच मुंबईच्या खुराड्यांवरून ऐकून घ्यावं लागतं.

तरी एक कबूल करायला हवं, इथे ३६ मीटर म्हणजे ३६ मीटर. भिंतीच्या आतले. आपल्याकडे रेरा येईपर्यंत बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप, लोडिंग करत करत लिफ्टची जागा आणि जिन्याखालचा वॉचमनसुद्धा आपल्याच फ्लॅटमध्ये मोजायचे. स्टॅम्प ड्युटी इथे दहा लाख युरोपर्यंत एक टक्का, आपल्याकडे सहा-सात. आणि कुठलं घर शेवटी कितीला गेलं ते प्रॉपर्टी प्राइस रजिस्टरवर २०१० पासूनचं सगळं फुकटात दिसतं, पत्ता टाका, शेजाऱ्याची किंमत बघा. आपल्याकडेही इंडेक्स टू ऑनलाइन दिसतो, नाही असं नाही, पण त्यावरचा आकडा आणि बॅगेतला आकडा यांची कधी ओळखच नसायची.

मग एवढं सगळं चोख असताना माझं डोकं कशाने फिरतं? तर आस्किंग प्राइसने. जाहिरातीत जी किंमत असते तिला कोणी विकत नाही! ती नुसती सुरुवात. आम्ही मागे एका टेरेस हाउससाठी (गच्चीवालं नव्हे, शेजारच्या घरांना भिंत चिकटून रांगेत बांधलेलं घर) बोली लावली होती, जाहिरातीत सव्वाचार लाख. शनिवारचं व्ह्यूइंग, पंधरा मिनिटं, बाहेर फुटपाथवर रांग, सगळे एकमेकांचे बूट बघतायत की कोणाची ऐपत किती. बाथरूममध्ये गालिचा होता. हो, बाथरूममध्ये, कमोडच्या भोवती व्यवस्थित गोल कापून बसवलेला, गुलाबी. तरी आम्ही आस्किंग दिली. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन, अगदी मधाळ आवाजात, दुसरी पार्टी पाच हजार वर आहे. आम्ही पाच वाढवले. तासाभरात दुसरी पार्टी परत पाच वर. ही दुसरी पार्टी कोण, आहे की नाही, का एजंटच्या टेबलावरचा कॅक्टस आहे, कळायला मार्ग नाही. लिलाव असेल तर समोर बसून करा ना, माणूस तरी दिसेल! आम्ही चार साठला थांबलो. घर पाच लाखांच्या वर गेलं, रजिस्टरवर मी स्वतः बघितलं, गुलाबी गालिच्यासकट.

त्यात कहर म्हणजे 'सेल अ‍ॅग्रीड' ची पाटी लागली तरी काहीच पक्कं नसतं. करारावर सह्या होईपर्यंत विकणारा दुसऱ्याकडून जास्त घेऊन तुम्हाला बाय-बाय करू शकतो, आणि ते कायदेशीर आहे. आपल्याकडे सुपारी फुटल्यावर एवढी हिंमत कोणाची होत नाही. (बरं, होते. पण गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.)

बँकेचं गणितही ऐका. पहिलं घर घेणाऱ्याला सेंट्रल बँकेच्या नियमाप्रमाणे पगाराच्या चौपट कर्ज, दहा टक्के स्वतःचे. म्हणजे ते खुर्चीवालं कॉटेज एकट्याने घ्यायचं तर वर्षाला चौऱ्याऐंशी हजारांच्या वर पगार पाहिजे. नियम जाचक आहे खरा, पण तो कुठून आला ते ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने सांगितलं, ज्याने ऐन तेजीत फ्लॅट घेतला आणि मग किती वर्षं कर्ज फ्लॅटच्या किमतीपेक्षा मोठं होतं. २००७ ते २०१३ मध्ये इथल्या किमती निम्म्यावर आल्या. डब्लिनच्या श्रूजबरी रोडवरचा वॉलफर्ड नावाचा बंगला २००५ मध्ये ५ कोटी ८० लाख युरोला गेला होता, नंतर तोच साधारण एक कोटी चाळीस लाखांना. आणि बिल्डर असे बुडाले की तेजीत वर्षाला ऐंशी हजारांवर घरं बांधणारा देश २०१३ मध्ये पाच हजारसुद्धा बांधत नव्हता. तो खड्डा अजून भरलेला नाही. त्याचीच रांग त्या फुटपाथवर असते.

गंमत म्हणजे याच देशात २०२२ च्या जनगणनेत एक लाख सहासष्ट हजारांवर घरं रिकामी सापडली. लेट्रिम, रोसकॉमन, मेयो, तिकडच्या जाहिराती बघितल्या की कोकणातली कुलूपबंद घरं आठवतात, भाऊबंदकीत अडकलेली, मालक मुंबईला. इथे मालक बॉस्टन नाहीतर लंडनला. एका घरात तर म्हाताऱ्या मालकिणीचा चष्मा टेबलावर तसाच, भिंतीवर येशूची तसबीर, खाली लाल दिवा, कॅलेंडर पंधरा वर्षांपूर्वीचं, आणि न्हाणीघराच्या खिडकीतून झाड आत. किंमत सत्तर हजार. असं दोन वर्षांपेक्षा जास्त बंद असलेलं, २००७ किंवा त्याआधीचं घर राहण्यासारखं केलं तर सरकार पन्नास हजारांपर्यंत अनुदान देतं, अगदी मोडकळीला आलं असेल तर सत्तर. फक्त काम आधी स्वखर्चाने करायचं, पैसे नंतर. सासूबाईंना ही योजना किल्ल्यापेक्षा जास्त आवडलीये. नवऱ्यालाही. तो म्हणतो घर पाहावं बांधून. मी म्हटलं बांध, पण लेट्रिमहून डब्लिनला रोज सकाळी दोन-अडीच तास गाडी तू चालव, आणि तिथे कोथिंबीर कुठे मिळते तेवढं विचारून ये.

लोक म्हणतात भाड्याने राहणं म्हणजे पैसे पाण्यात. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता आम्ही अजून भरतोय, तिथे भाडेकरू मजेत राहतो, आणि इथे आम्ही दुसऱ्याचा हप्ता भरतो, हे मलाही कळतं. पण आमच्या घरमालकाने अजून तरी भाडं अवाच्या सवा वाढवलेलं नाही, बॉयलर बिघडला की तोच माणूस पाठवतो, आणि बाथरूममध्ये फरशी आहे. हे काही कमी नाही. शनिवारी ल्यूकनला, म्हणजे डब्लिनच्या एका उपनगरात, एक व्ह्यूइंग आहे, तीन बेडरूम, बीईआर सी-वन. आम्ही नुसतं बघायला जाणार आहोत.