सर्र… सर्र… आणि पेढ्याच्या खोक्याचा तुकडा

साताऱ्यातला यवतेश्वरचा घाट सायकलने चढताना माझा वेग ताशी ७-८ किलोमीटर असतो. कानात वारं शिरत नाही. ऐकू येतो तो स्वतःचा श्वास, चेनची खुडबुड, आणि यंदाच्या जूनपासून तिसरा एक आवाज. सर्र… सर्र… सर्र. पुढच्या ब्रेकचा डावा शू, म्हणजे चाक धरणारा रबराचा ठोकळा, रिमला घासत होता.

सायकल मुळात माझी नाही. भाचा जर्मनीला शिकायला गेला तेव्हा त्याची रोड बाइक आमच्या जिन्याखाली ठेवून गेला. वर म्हणाला, "मावशी, उभी राहून गंजण्यापेक्षा तू चालव." साधी ॲल्युमिनियमची सायकल, शिमानो सोराचं सामान, दोन्हीकडे रिम ब्रेक. हल्ली सगळे डिस्क ब्रेक घेतात. घेवोत. रिम ब्रेकमध्ये काय बिघडलंय ते निदान डोळ्यांना दिसतं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग तीन आठवडे तो डोळ्यांसमोर होता आणि मला दिसत नव्हता.

त्या तीन आठवड्यांत मी काय केलं? समर्थ मंदिराशी थांबायचं, ब्रेकचा अख्खा कॅलिपर (दोन्ही शू धरणारा चिमटा) मुठीत धरायचा, उजवीकडे ढकलायचा. चाक फिरवून बघितलं की आवाज बंद. पहिल्यांदा ब्रेक दाबेपर्यंत बंद. दाबला की पुन्हा सर्र. कॅलिपर फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहाती दांडीला, एकाच बोल्टवर बसलेला असतो, त्यामुळे हाताने ढकलला की त्या बोल्टभोवती सरकतो. ब्रेक दाबून सोडला की पुन्हा आपल्या जागी येतो. शेवटी एका दुकानात नेली. तिथल्या पोऱ्याने तेच केलं, फक्त बोल्ट जास्त करकचून आवळला आणि पन्नास रुपये घेतले.

मी शाळेत गणित शिकवते. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही की मुलं शेवटच्या ओळीत खाडाखोड करतात, चूक दुसऱ्या ओळीत असली तरी. रविवारी रात्री पेपर तपासताना एका पोराच्या अशाच खाडाखोडीवर लाल रेघ मारली आणि हात थांबला. मी कॅलिपर ढकलत होते म्हणजे दुसरं काय करत होते?

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, ब्रेकला हात लावू नकोस आधी. पुढचं चाक काढ आणि डावं-उजवं उलटं करून लाव. घासणारी बाजू बदलली तर दोष चाकात. तीच राहिली तर ब्रेकमध्ये नाहीतर फोर्कमध्ये."

चाचणी झकास आहे. पण माझ्याकडे भलतंच झालं. चाक उलटं लावलं तर सततचं घासणं कुठल्याच बाजूला नाही. सुलटं लावलं, तरी नाही! मग आठवलं. जूनमध्ये कास तलावाच्या अलीकडे पंक्चर झाली होती. धो धो पाऊस, सायकल हँडलवर उलटी उभी केलेली, घाईघाईत चाक बसवून क्विक रिलीज (चाक आवळणारा खटका) दाबला. चाक फोर्कच्या खाचेत एका बाजूने पूर्ण बसलंच नव्हतं. तीन आठवडे मी तिरक्या चाकावरून घाट उतरत होते, हे कळल्यावर पोटात गोळा आला. आता चाक लावायचं ते सायकल जमिनीवर सरळ उभी करून. क्विक रिलीज सैल ठेवायचा, हँडलवर भार द्यायचा, चाक खाचेत टेकू द्यायचं आणि मगच आवळायचं. (चाक काढताना कॅलिपरवरचा, शू फाकवणारा छोटा खटका उघडला असेल तर तो बंद करायलाही विसरू नका. मी विसरले होते. गेटच्या उतारावर आठवलं.)

आवाज संपला का? कमी झाला. आता सततचं सर्र गेलं होतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी, टिचकी मारल्यासारखा आवाज येत होता. म्हणजे चाक आऊट, रिम त्या जागी एका बाजूला झुकलेली. आऊट काढायला वेगळं स्टँड लागतं असं मी समजत होते. लागत नाही. ब्रेकचे शूच मोजपट्टीचं काम करतात. चाक हळू फिरवायचं आणि रिम जिथे डाव्या शूकडे झुकते तिथे खडूची खूण करायची. त्या खुणेजवळचा उजव्या बाजूचा स्पोक थोडा आवळायचा, म्हणजे रिम उजवीकडे ओढली जाते. एका वेळी पाव आटा, बस्स. मी सुरुवातीला उलटाच फिरवला, कारण निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचं छोटं नट) आवळायची दिशा टायरच्या बाजूने बघून ठरते आणि मी बघत होते हबच्या बाजूने. आऊट आणखी वाढला. चहा प्यायले, डोकं उलटं करून विचार केला, मग जमलं. दोन स्पोक, दोघांना मिळून अर्धा आटा.

सोमवारी सकाळी घाटात निघाले. ब्रेक दाबेपर्यंत शांतता, आणि पहिल्याच वळणावर दाबून सोडला तर सर्र. ब्रेक दाबून सोडला की घासायचं, कॅलिपर हाताने सरकवला की गप्प. आता मात्र मला राग यायच्याऐवजी हसू आलं, कारण हा पुरावा इतका स्पष्ट होता. घरी येऊन ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत-सोडत नुसतं कॅलिपरकडे बघत राहिले. वायरीचं आऊटर (वायरीवरची जाड नळी) ताणलेलं होतं आणि ब्रेक सोडला की आख्ख्या कॅलिपरला एका बाजूला ओढत होतं. माझी पाठ दुखते म्हणून भाच्याने जाण्याआधी हँडल दोनेक सेंटिमीटर वर घेतलं होतं. आऊटर मात्र जुन्याच लांबीचं. प्रेमाने केलेली गोष्ट, कोण कशाला तपासेल!

नवं आऊटर आणायला गेले तर दुकानदाराने गिअरचं पुढे केलं. "मॅडम, एकच आहे सगळं." एकच नाही. ब्रेकचं आऊटर ५ मिमी जाड असतं आणि त्यात पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरचं साधारण ४ मिमी, आतल्या तारा लांबीला सरळ. ब्रेकच्या जोराखाली ते फुटू शकतं, आणि फुटेल तेव्हा तुम्ही नेमके उतारावर असाल. हे मी दुकानात शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं. मागच्या खोलीतून बरोबर वस्तू आली.

आऊटर थोडं लांब कापलं, वायरही नवीन घातली. त्यानंतर कुठे कॅलिपरची पाळी आली, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फोर्कच्या मागून ५ मिमीच्या एलन कीने बोल्ट किंचित सैल केला. डाव्या हाताने ब्रेक घट्ट दाबून धरला, म्हणजे दोन्ही शू रिमला धरतात आणि कॅलिपर स्वतःच मध्यावर येतो. तसाच दाबलेला असताना बोल्ट आवळला. उरलेला केसभर फरक कॅलिपरवरच्या बारीक स्क्रूने काढला. कुठल्या दिशेने फिरवायचा हे पाठ करत बसू नका. थोडा फिरवा आणि शू कुठे सरकतो ते बघा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर फट राहिली.

हात काळे झालेच होते म्हणून शूसुद्धा बघितले. डावा शू वर चढून टायरच्या काठाला टेकायच्या बेतात होता. त्या तीन आठवड्यांत टायर कापलं गेलं नाही हे नशीब. शूमध्ये ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतले होते, पावसाळ्यात रुततातच. ते टाचणीने उकरून काढले, नाहीतर ते रिम खरवडतात. शू सैल करून रिमच्या वरच्या काठाखाली मिलिमीटरभर आणला. ब्रेक दाबताना किंचाळू नये म्हणून शूचं पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे. त्यासाठी मागच्या टोकाखाली पातळ काहीतरी ठेवून, ब्रेक दाबून, शू आवळायचा असतो. ओट्यावर कंदी पेढ्यांचं खोकं होतं. त्याचा कोपरा कापला. बरोबर जाडीचा निघाला.

आज सकाळी कासपर्यंत जाऊन आले. उतरताना प्रत्येक वळणावर मुद्दाम कान दिला. अजिंक्यतारा समोर आला तरी आवाज नाही. खाली येऊन भाच्याला कळवलं तर त्याने विचारलं, मागच्या ब्रेकचं आऊटर बघितलंस का? ते बघायचंय. तो पुठ्ठ्याचा तुकडा त्यासाठीच सीटखालच्या पिशवीत ठेवलाय. आत्ता पिशवी उघडली तर त्याला मुंग्या लागल्यात.