आमच्या घराचा डेक: जुना पाडून नवा बांधताना

सांगलीच्या आमच्या जुन्या घराला पुढे सोपा, म्हणजे ओसरी, होती आणि चहापासून धान्य निवडण्यापर्यंतची निम्मी कामे तिथेच होत. मध्य न्यू जर्सीत 2019 साली आम्ही घर घेतले, तेव्हा स्वयंपाकघरामागचा लाकडी डेक व्हिडिओ कॉलवर पाहून आई म्हणाली, ‘‘अगं, हा तर आपला सोपाच की, फक्त उंचावर बांधलेला.’’ पुढच्या उन्हाळ्यांत ती आणि बाबा येऊन राहणार होते आणि त्यांचा बहुतेक वेळ तिथेच जाणार, हे तेव्हाच ठरून गेले होते.

2022 च्या एप्रिलमध्ये पाने झाडताना घराची भिंत आणि डेक यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट दिसली. मी डेकखाली गेले आणि भिंतीला लागून असलेल्या फळीत स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला ओला, काळपट, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा भुसा चिकटला होता. दुरुस्तीचा अंदाज द्यायला आलेल्या पहिल्या कंत्राटदाराने मात्र वरच्या फळ्या बदलून रंग दिला की दहा वर्षे पाहावे लागणार नाही, असे ठामपणे सांगितले. खाली वाकून त्याने एकदाही पाहिले नाही. त्याला नको म्हणून सांगितले आणि त्यानंतरचे दोन महिने मी या विषयाचा नीट अभ्यास केला.

घराच्या भिंतीला समांतर बसवलेल्या ज्या फळीवर डेकच्या आडव्या तुळयांची एक बाजू टेकते, तिला लेजर म्हणतात. आमचा डेक 16 फूट लांब आणि 12 फूट रुंद, म्हणजे 192 चौरस फुटांचा. तिथल्या बांधकाम नियमांनुसार दर चौरस फुटाला किमान 40 पौंड वापराचा भार धरावा लागतो. म्हणजे एकूण 7,680 पौंड, जवळपास साडेतीन टन. त्यातला निम्म्याच्या आसपास भार एकट्या लेजरवर येतो. आमचा जुना लेजर केवळ खिळ्यांनी ठोकलेला होता आणि त्याच्या वरच्या कडेला पाणी अडवणारी धातूची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, नव्हतीच. त्यामुळे प्रत्येक पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी भिंत आणि फळी यांच्यामध्ये झिरपत राहिले, लाकूड कुजले आणि खिळ्यांची पकड सुटत गेली. खिळा आडवा भार पेलतो, पण बाहेर ओढणाऱ्या जोरापुढे तो टिकत नाही. डेक कोसळण्याच्या अनेक दुर्घटनांची सुरुवात याच जोडापाशी होते. त्याआधीच्या गणपतीत आमच्याकडे आरतीला 30 माणसे आली होती आणि प्रसाद घेऊन ती सगळी याच डेकवर उभी होती. हे आठवून मला त्या रात्री झोप लागली नाही.

नवा डेक बांधायच्या परवान्याचे काम धास्ती वाटावी इतके अवघड नव्हते. स्वतःच्या राहत्या घराचा आराखडा मालकाला स्वतः काढता येतो, म्हणून आम्ही दोघांनी तो मोजमापांसह काढला, जागेच्या मोजणीच्या नकाशाची प्रत जोडली, शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचे अंतर दाखवले आणि अर्ज दिला. एका दुरुस्तीनंतर तो मंजूर झाला.

खांबांच्या पायासाठी खड्डे खणण्याआधी 811 या क्रमांकावर फोन करावा लागतो. ही सेवा विनामूल्य आहे आणि सुट्ट्या सोडून किमान तीन कार्यालयीन दिवस आधी कळवावे लागते. मग जमिनीखालच्या वाहिन्यांची जागा रंगाने आखून दिली जाते: वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळे. आमच्या तिसऱ्या खड्ड्यापासून जेमतेम दीड फुटावर पिवळी रेघ आली. अशा रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांपर्यंत यंत्र चालवता येत नाही, त्यामुळे तो खड्डा माझ्या नवऱ्याने आणि आमच्या सुताराने हाताने, अगदी सांभाळून खणला. त्यात अख्खा शनिवार गेला.

आमच्या भागात पाया किमान 36 इंच खोल घ्यावा लागतो. थंडीत मातीतले पाणी गोठते, फुगते आणि वरच्या थरातले सगळे वर उचलते. पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली टेकलेला नसेल, तर दर हिवाळ्यात खांब थोडा थोडा हलतो आणि त्याबरोबर जोडही सैल होतात. सांगलीत वाढलेल्या माणसाला काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे ठाऊक असते, पण थंडीने जमीन फुगते हे मला नवीन होते. बांधकाम खात्याच्या तपासणीच्या आदल्या रात्री पाऊस झाला, खड्ड्यांच्या कडा ढासळल्या आणि तळाशी चिखल साचला. तपासनीसांनी शांतपणे सांगितले की पाणी उपसा, सैल माती काढा, मूळची घट्ट जमीन लागेपर्यंत खाली जा आणि मगच मला बोलवा. एक खड्डा 42 इंचांपर्यंत गेला. चार दिवस वाया गेल्याचा तेव्हा त्रास झाला, पण त्या चिखलावर काँक्रीट ओतले असते तर पाया खचला असता, हेही तितकेच खरे. 18 इंच व्यासाच्या प्रत्येक खड्ड्याला 80 पौंडांच्या नऊ-दहा पिशव्या काँक्रीट लागले. खांब काँक्रीटमध्ये गाडले नाहीत. वर धातूची बैठक बसवून त्यावर उभे केले, म्हणजे लाकडाचा बुंधा सतत ओला राहत नाही.

जुने लाकूड आर्सेनिकयुक्त रसायनात मुरवलेले होते. घरगुती वापरासाठी तसे लाकूड बनवणे अमेरिकेत 2003 च्या अखेरीस थांबले. म्हणून पाडताना आम्ही मास्क आणि हातमोजे वापरले आणि त्याचा एकही तुकडा शेकोटीत जाऊ दिला नाही. नव्या लाकडात तांब्याची संयुगे असतात आणि ती साध्या लोखंडाला लवकर गंजवतात. त्यामुळे सगळे स्क्रू, बोल्ट आणि तुळया धरणारे आकडे जाड गॅल्व्हनाइझ केलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच घेतले. नवा लेजर अर्ध्या इंचाच्या बोल्टनी, एक वर एक खाली अशा रचनेत, थेट घराच्या सांगाड्याला आवळला आणि त्यावर फ्लॅशिंग अशी बसवली की तिची वरची कड भिंतीच्या आवरणाखाली गेली. हे काम चालू असताना मी समोर उभी राहून प्रत्येक बोल्ट मोजला. सुताराला ते खटकले असेल, पण त्याने तसे दाखवले नाही.

वरच्या फळ्यांसाठी प्लास्टिकमिश्रित लाकूड घ्यावे असे बऱ्याच जणांनी सुचवले होते. जुलैच्या दुपारी एका मैत्रिणीच्या गडद रंगाच्या तशा डेकवर मी तळहात ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. बाबा घरात-अंगणात अनवाणीच फिरतात, म्हणून आम्ही पाइनच्याच फळ्या घेतल्या. त्यांची निगा जास्त करावी लागते, हे कबूल करूनच तो निर्णय घेतला.

कठडा नियमाप्रमाणे किमान 36 इंच उंच हवा आणि त्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडू पार होता कामा नये. लहान मुलाचे डोके अडकू नये, यासाठी हे माप आहे. कठड्याच्या वरच्या कडेने 200 पौंडांचा रेटा सोसला पाहिजे, म्हणून त्याचे खांब फळ्यांवर न बसवता आत तुळयांना बोल्टने जोडले. जिन्याच्या बाबतीत मात्र नियमापेक्षा आईचे गुडघे मी जास्त विचारात घेतले आणि पायरीची उंची साडेसहा इंचच ठेवली. जिन्याच्या कठड्यावर सुताराने रुंद, चपटी फळी बसवली होती, दिसायला सुरेख. मी आईचा हात आठवून त्यावर हात ठेवला, तेव्हा लक्षात आले की बोटे तिच्या कडेवर नुसती टेकतात, खाली वळून पकड घेत नाहीत. तोल गेलाच तर हात घसरणार. म्हणून आतल्या बाजूने दीड इंच जाडीचा गोल दांडा वेगळा लावून घेतला. पुढच्या जूनमध्ये आई पहिल्यांदा तो जिना उतरली, तेव्हा तिने न सांगता तोच दांडा धरला.

ओल्या लाकडाला लगेच स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, दिला तर तो मुरत नाही. आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबलो, फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून ते शोषले जातात का ते पाहिले आणि मगच पहिला हात दिला. आता दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. बर्फ काढायला प्लास्टिकचे फावडे वापरतो आणि ते फळ्यांच्या लांबीच्या दिशेने चालवतो, म्हणजे कडा उकलत नाहीत. फळ्यांमधल्या फटीत अडकलेली पाने पावसाळी दिवसांआधी काढतो, कारण तिथे साचलेला ओलावाच पुढे लाकूड खातो.

दर एप्रिलमध्ये मी तोच स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जाते. लेजर, खांबांचे बुंधे आणि जिन्याच्या तळाच्या पायऱ्या टोचून पाहते, बोल्टचे नट पान्याने तपासते आणि कठडा दोन्ही हातांनी हलवून बघते. यंदा लेजर टणक निघाला, दोन नट थोडे आवळावे लागले आणि कठड्याच्या खालच्या बाजूला भुंग्यांनी पोखरलेले अर्ध्या इंचाचे एक गोल भोक सापडले. ते बुजवायचे काम येत्या शनिवारी करायचे आहे.