हिट नंबर मशीनशॉपच्या पुढे जायला हवा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी क्वालिटीचं काम बघते. प्रत्येक हिटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नमुना स्पेक्ट्रोमीटरवर जातो. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, तांबं, सगळं लगेच कळतं. त्या हिटचा नंबर कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, असतो, टेस्ट सर्टिफिकेटवरही असतो. पुढे मशीनशॉपमध्ये बऱ्याचदा नेमका नंबराचाच भाग टर्निंगमध्ये, म्हणजे लेथवर छिलताना, निघून जातो, नाहीतर रंगाखाली दडतो. मग त्या लोखंडात काय आहे हे सांगायला कुणी उरत नाही.

युरोपात डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टचा कायदा 18 जुलै 2024 पासून अमलात आलाय. वस्तूवरची खूण स्कॅन केली की ती कशाची बनलीय, दुरुस्त कशी करायची, शेवटी सुटी कशी करायची हे समजावं, असा त्यामागचा विचार. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना वेगळ्या कायद्याने 18 फेब्रुवारी 2027 पासून पासपोर्ट सक्तीचा होतोय. एप्रिल 2025 मध्ये पुढच्या वस्तूंची यादी आली, त्यात लोखंड-पोलाद आहे. आमच्या भागात याकडे एक्स्पोर्टची नवी कटकट म्हणून बघतात. मला ते अजिबात पटत नाही. याची खरी गरज भट्टीला आहे.

भट्टीत आम्ही पिग आयर्न (भंगार नसलेलं कच्चं लोखंड), रनर-रायझर (ओतताना कास्टिंगला जोडून राहिलेले तुकडे) आणि भंगार टाकतो. कार्बन कमी पडला तर वाढवता येतो, सिलिकॉनही. तांबं आणि कथील मात्र एकदा आत गेलं की निघत नाही. तांबं जळायच्या आधी लोखंडच जळतं. मग महागडं पिग आयर्न घालून ते प्रमाण खाली आणायचं, एवढाच मार्ग. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे ज्या लोखंडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्यात, तर शिशाचा अंश आला तरी त्या गोळ्या बिघडतात. आमच्या यार्डातले तात्या ढिगाकडे बघूनच सांगतात, "ताई, ह्यात वायंडिंग राहिलंय बघा." म्हणजे मोटरची तांब्याची तार. त्यांची नजर फार मोलाची आहे, पण मिसळलेलं शिसं नजरेला दिसत नाही. जुन्या ट्रॅक्टरचं हाउसिंग भंगारात आलं आणि त्याचा नंबर शाबूत असला, तर भट्टीत टाकायच्या आधीच त्याचं केमिकल, म्हणजे त्यात काय किती आहे, ते माझ्या हातात असेल.

आज माहिती एकाच दिशेला जाते. ग्राहक एक्सेल शीट पाठवतो, भंगार कुठलं, वीज किती, सगळं विचारतो, आम्ही भरतो. तो पार्ट पुढे किती वर्षं चालला, कुठे मोडीत निघाला, यातलं काहीच आमच्याकडे परत येत नाही. युरोपच्या कायद्यात कुणी काय बघायचं हे वेगवेगळं ठरवता येतं, त्यामुळे अख्खी रेसिपी उघडी करायची गरज नाही. कंपनी बंद पडली तरी पासपोर्ट टिकला पाहिजे अशीही तरतूद आहे, आणि कास्टिंगसाठी ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं चालणाऱ्या पार्टचा मूळ कारखाना शेवटी जागेवर असेलच असं नाही.

प्रश्न खर्चाचा. उद्यमनगरात दोन लेथवर जॉबवर्क करणाऱ्याने कोड मारायचं मशीन कुठून आणायचं? कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, त्या भावातच हा खर्च धरला पाहिजे, आणि तो मागणाऱ्या ग्राहकाने दिला पाहिजे. नंबरची जागा मात्र फुकट बदलता येते: नवा पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) करतानाच मशीनिंग न होणाऱ्या बाजूला ती ठेवायची. आमच्या पुढच्या पॅटर्नसाठी मी ड्रॉइंगवर तशी खूण करून मंजुरीला पाठवलीय.