नानांची चाल

वारी ग्वाल्हेरच्या माणसानं बसवली, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की लहानपणी मला पंढरपूर मुरैन्याच्या पुढे कुठेतरी असेल असं वाटायचं. माझ्या वडिलांचा, नानांचा, हा माणूस म्हणजे हैबतबाबा आरफळकर. मूळचे साताऱ्याकडचे, चाकरी शिंद्यांच्या पदरी. ग्वाल्हेरहून गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी धरलं, बाबा हरिपाठ म्हणत राहिले, सुटले आणि आळंदीचेच झाले, ही कथा नाना दरवर्षी ज्येष्ठात सांगायचे. मग माउलींच्या पादुका पालखीत, दिंड्यांचे क्रम, भजनाच्या वेळा. "लष्करातला माणूस, शिस्त लावणारच," असं म्हणून ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर भागाकडे हात करायचे, जणू बाबा तिथल्या दानाओलीतच राहायला होते.

स्वतः नाना कधी वारीला गेले नाहीत. एजी ऑफिसात ऑडिटला होते, तेव्हा रजा नसायची. मग आजीचं अंथरूण, मग त्यांचे गुडघे. आषाढीला घरापासून देवळापर्यंत अनवाणी जायचे, तेवढीच वारी.

पौषात ते गेले. मी निघते म्हटल्यावर काकू म्हणाली, वर्षाच्या आत तीर्थाला जात नाहीत. आईनं तिला काही उत्तर दिलं नाही, फक्त माझ्या पिशवीत मेतकूट आणि खोबरेल तेल ठेवलं. दादानं बंगळुरूहून फोन करून नानांचा फोटो बरोबर ने म्हणून सांगितलं. नेला नाही. फोटो काढायचा म्हटलं की नानांचा चेहरा वाकडा व्हायचा, त्यांना गळ्यात अडकवून कुठे मिरवू?

झेलम एक्स्प्रेसनं पुणे, पुढे आळंदी. हैबतबाबांच्या पायरीला हात लावला, त्या गर्दीत तेवढंच जमलं. रथामागच्या एका दिंडीत ओळखीनं नाव लागलं होतं, जेवणाची भिशी भरली होती. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा नेमका एकादशीला येतो. उपासाच्या पोटी दिवेघाट. लोक म्हणतात तिथे अंगात बळ येतं. माझ्या अंगात चीड आली. कडेनं लावलेल्या कर्ण्यांची, तोंडासमोर मोबाइल धरून उलटं चालणाऱ्या पोरांची आणि बायकांनी जायचं कुठे याचा विचारच न करणाऱ्या सगळ्या जगाची. त्यात तंबूतल्या एक बाई रोज नव्यानं चकित व्हायच्या, "अय्या, ग्वाल्हेरच्या असून किती छान मराठी बोलता हो!" आमच्या पाच पिढ्या तिथे मराठीतच भांडल्या, हे मी त्यांना किती वेळा सांगायचं?

खरी पंचाईत हरिपाठाची झाली. नाना तिन्हीसांजेला दिव्यासमोर बसून हरिपाठ म्हणायचे, संथ. ढोलीबुवांच्या मठातली कीर्तनं ऐकून ऐकून त्यांनी स्वतःची एक चाल बसवली होती. चरणाच्या शेवटी आवाज जरा रेंगाळायचा आणि मग एकदम खाली यायचा. मी आणि दादा टाळ धरायचो. चुकलो की ते थांबायचे नाहीत, नुसता चष्म्यावरून एक कटाक्ष. दिंडीतली चाल वेगळी, उडती, पावल्यांना सोयीची. माझ्या तोंडात नानांची बसलेली, त्यामुळे सगळ्यांचा चरण संपला तरी माझा रेंगाळत राहायचा. जेजुरीच्या अलीकडे विणेकरीबुवा चालता चालता मागे वळले. "ताई, चालीत म्हणा." दुसऱ्या दिवशी जरा जोरात, "एकट्याची चाल घरी."

मग मी ओठ मिटून आतल्या आत नानांचीच म्हणत राहिले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की एवढा समुदाय एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार जाऊन विचारतात. हरवलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. ऑडिटवाल्या माणसाला ही पद्धत फार आवडली असती. मला मात्र एकदा खरंच वाटलं की आपणही एकटीनं टाळ वाजवत राहावं. आमची एक चाल अडवली आहे हो, माउली.

वाल्हे, नीरास्नान, लोणंद. चांदोबाच्या लिंबाजवळचं रिंगण मला पाठी आणि पताका एवढंच दिसलं.

फलटणहून बरडच्या वाटेवर विडणी मागे पडली आणि माझे पाय संपले. पावसाचा पत्ता नाही, डांबर तापलेलं, डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आणि उजव्या चवड्याला दुसरा. दिंडी पुढे निघून गेली. मी उसाच्या बांधाला बसले, बूट काढले आणि नानांवर चिडले. तुमची हौस, तुमचे हैबतबाबा, पाय माझे.

"सरक जरा," म्हणत एक बाई शेजारी टेकली. साठीची असेल. खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, डोक्यावर पदर, हातावर गोंदण. परभणीकडची. कुठल्या दिंडीत नाही, मोकळ्या समाजात चालत होती. न विचारता तिनं माझा पाय मांडीवर ओढला. "ह्या बुटानं खाल्ला बघ तुला." मग पोलक्याच्या आतून एक बटवा काढला. त्यात मिश्रीची डबी, एक सुपारी आणि कागदाच्या घडीत खोचलेली सुई, काळ्या दोऱ्यासकट. काडी ओढून सुईचं टोक धरलं ज्योतीवर.

मी डोळे मिटले. ती बोलतच होती. पेरणी अडलीय, पोरगा म्हणतो आधी पाऊस येऊ दे, सून म्हणते तुमच्या विठ्ठलालाच विचारा. सुई फोडाच्या एका कडेनं आत, दुसऱ्या कडेनं बाहेर. दोरा आतच ठेवून दोन्ही अंगांना बोटभर सोडला आणि दातानं तोडला. "दोऱ्यानं पानी जातंय, कातडं ऱ्हातंय. कातडं काढायचं नाही, माय." पाणी खरंच दोऱ्यावरून थेंबाथेंबानं उतरत होतं. मग दुसरा फोड. मग आईचं खोबरेल माझ्याच पिशवीतून काढून पोटऱ्यांना चोळलं. अंगठा असा रुतायचा की मी ओरडले.

"वडिलांसाठी चाललेय," मी म्हणाले. कुणाला तरी सांगायचंच होतं.

"कवा गेले?"

"पौषात."

"माजा बी गेला. लई दिस झाले." हात थांबला नाही. "ग्वाल्हेर म्हंजी कुटं आलं?"

"दिल्लीच्या अलीकडं."

"तितं बी इट्टल हाय?"

"आहे."

"मग इतकं लांब कशाला आलीस?"

हैबतबाबांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि रडू आलं. चांगलं हुंदके देऊन. तिनं समजूत काढली नाही. पाय बदलून घेतला आणि चोळत राहिली. माझं आवरल्यावर मी भीतभीत एक नोट पुढे केली. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं घेतली, समोरच्या टपरीवर गेली, दोन चहा आणि बिस्किटाचा पुडा आणला आणि उरलेली मोड मोजून माझ्या हातावर ठेवली. निघताना म्हणाली, वाखरीला भेटू. तिचं नाव विचारायचं राहिलं आणि वाखरीला लाखभर डोक्यांत पदर तो कोणता ओळखणार?

पुढे माळशिरस, वेळापूर, सगळं दोऱ्याच्या पायांनी. खुडूसच्या रिंगणात माउलींचा अश्व अगदी जवळून धावत गेला आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मीही धावले, लंगडत. भंडीशेगावला रात्री तंबूत पाणी शिरलं तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठीवर खूश असलेल्या त्याच बाईंनी स्वतःची कोरडी चादर मला दिली. म्हणजे आता त्यांच्यावर नीट चिडताही येईना.

पंढरपुरात रांगेला लागले नाही, कळस पाहिला. चंद्रभागेत पाय बुडवले, दोरे अजून तसेच होते. शिंद्यांच्या द्वारकाधीशाच्या देवळात जाऊन बसले, कारण तिथे न जाता परतले असते तर नानांनी वरून कटाक्ष टाकला असता.

ग्वाल्हेरला आल्यावर संध्याकाळी आईनं दिवा लावला आणि मी हरिपाठाला बसले. तोंडातून दिंडीची चाल आली. थांबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तीच, पावल्यांसकट. चरण संपतो तिथे नाना काय करायचे ते काही केल्या येईना. रेकॉर्डिंग नाही, त्यांनी कधी करू दिलं नाही. दादाला फोन लावला. तो बेसूर आहे, नेहमीच होता. त्यानं म्हणून दाखवलं आणि मी तिथल्या तिथे म्हणाले, "असं नव्हे, इतकं नाही ओढायचे ते."

"मग म्हण तू."

मी म्हटलं. "ही तुझ्या बुवांची झाली," तो म्हणाला, आणि तेही खरं होतं.

आता रोज दिवेलागणीला त्याचा फोन येतो. उचल कशी घ्यायची ते ठरलंय, ठेका ठरलाय. शेवटी आवाज खाली आणायच्या आधी नाना एकदा वर जायचे की नाही, यावर आमचं जमत नाही. आई म्हणते, दोघंही चुकताय. स्वतः मात्र म्हणून दाखवत नाही.