तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रहणासाठी इजिप्तपर्यंत कशाला?

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाला इजिप्तला जायचं ठरवतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अहो, ते इथूनही दिसणार आहे ना? मग एवढा खर्च कशाला?"

दिसणार आहे, पण महाराष्ट्रातून खंडग्रास, दुपार कलल्यावर आणि ऐन पावसाळ्यात. २२ जुलै २००९ ला खग्रासचा पट्टा सुरत, भोपाळ, पाटण्यावरून गेला तेव्हा कित्येकांनी फक्त काळे ढग आणखी काळे होताना पाहिले. २०२७ चं ग्रहण त्याच घराण्यातलं आहे. साधारण १८ वर्षं ११ दिवस ८ तासांनी सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास त्याच मांडणीत येतात. वरच्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. या खेपेला जिब्राल्टर, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधलं लक्सर, मक्का, जेद्दा. लक्सरजवळ खग्रास ६ मिनिटांहून जास्त, आणि ऑगस्टात तिथे ढग औषधालाही सापडत नाहीत. ऊन मात्र जीव काढतं. जेद्दातल्या मराठी मंडळींना तर गच्चीत गेलं की झालं!

खर्चाचं म्हणाल तर हिशेब असा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी. त्यातला एक टक्का उरला तरी ४ हजार चंद्रांचा उजेड, आणि ज्यासाठी जायचं ते सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं फिकट तेजोवलय, जेमतेम एका चंद्राएवढं तेजस्वी. मग ते दिसणार कसं? डिसेंबर २०१९ ला कण्णूरकडे कंकणाकृती ग्रहणात सूर्य नव्वद टक्क्यांहून अधिक झाकला गेला, तरी रात्र झाली नाही. कंकणाकृतीत ग्रहणाचा चष्मा क्षणभरही काढायचा नसतो. खग्रासमध्ये सूर्य पूर्ण झाकलेला असेल तेवढाच वेळ नुसत्या डोळ्यांनी बघायचं. कडेला पहिला ठिपका चमकला की चष्मा परत डोळ्यांवर.

चष्मा आयएसओ १२३१२-२ मानकाचा, चरा न पडलेला, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेला. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, बादलीतलं प्रतिबिंब, यातलं काहीही नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी त्या वेळी पत्ता लागत नाही. दुर्बिणीला फिल्टर लावायचा तो पुढच्या भिंगावर. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत डोकावणं म्हणजे आंधळेपणाला आमंत्रण.

पोरांसाठी स्वयंपाकघरातला झारा घ्या. सूर्याकडे पाठ करून तो पांढऱ्या कागदावर चांगला मीटरभर उंच धरा. प्रत्येक भोकातून अर्धवट झाकलेल्या सूर्याची एकेक कोर कागदावर उमटते, आणि झारा जरा वर नेला की कोरी मोठ्या होतात. मला विचाराल तर खंडग्रास बघायची हीच सगळ्यात मजेची रीत.

इजिप्त जमत नसेल तर २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती आहे. भारतातलं पुढचं खग्रास थेट २० मार्च २०३४ ला, कारगिलकडे. मार्चमधल्या तिथल्या आकाशाची हमी मात्र माझ्याकडे मागू नका.